हरकत, स्त्रीलिंगी

घणसोलीच्या विभाग कार्यालयात
आवक खिडकीवर बसते मी, एकोणीस वर्षं.
कागद येतो, शिक्का बसतो, क्रमांक पडतो.
पाण्याचा दाब, भटकी कुत्री, गटाराचं झाकण,
आणि वर्षातून दोनचारदा, नोटीस लागली की,
हरकती.

एरवी हा शब्द आम्ही 'नाही'ला बांधूनच वापरतो.
पगार पुढच्या आठवड्यात. हरकत नाही.
रजा नामंजूर. हरकत नाही.
बसमध्ये कुणी पायावर पाय देतं
आणि आपणच म्हणतो त्याला, हरकत नाही हो,
जणू पाय त्याचा चेंगरलाय.
इतकी वर्षं जोडीनं फिरलेला शब्द
एकटा दारात आला
की चटकन ओळखू येत नाही.

चांगुणाबाई मढवी आल्या तेव्हा
मुदत संपायला वीस मिनिटं होती.
लुगडं गुडघ्याशी खोचलेलं,
दुधाच्या पिशवीत नोटिशीची चौघडी.
"बाय, मना हरकत द्याची हाय."
देत नाहीत मावशी, घेतात.
"घेतान? मंग तू घे."

हसले मी. पण घेतातच की.
बोंब मारतात, शिवी देतात, शाप देतात,
ते सगळं समोरच्यावर भिरकावून
मोकळं व्हायचं.
हरकत घ्यायची असते,
पोर कडेवर घेतात तशी,
वसा घेतात तशी,
आणि घेतल्यावर टाकायची नसते.
शिवाय तिला कारण लागतं.
छापील अर्जात तसा रकानाच आहे,
दीड ओळीचा.

कारण?
नोटिशीत होतं: सदर भूखंड रिकामा असून.
"तल्यान पानी हाय."
मी लिहिलं, तळ्यात पाणी आहे.
"मे महिन्यान पन कमरंवरी."
तेही लिहिलं, रकान्याबाहेर, समासात.
"रिकामा त्यांचा नकाशा हाय."
हे नाही लिहिलं.
मग त्यांनी सही केली. 'चां'वरचा अनुस्वार
शेवटी दिला, कुंकू लावावं तसा.

शिंगणेबाई शिकवायच्या आठवीला:
भूतकाळात असं क्रियापद कर्त्याकडे बघत नाही.
आयुक्तांनी हरकत घेतली.
बिल्डरनं हरकत घेतली.
चांगुणाबाईंनी हरकत घेतली.
तेव्हा पाच गुणांसाठी पाठ केलं होतं.
घेणारा कोण, त्याची गाडी कुठली,
तो पुरुष की बाई की अख्खं गाव,
'घेतली'ला काही पडलेली नाही.
ती बघते फक्त हरकतीकडे.
(फेटाळली, हेही तिच्याकडेच बघून म्हणतात.
व्याकरण काही आपल्या बाजूचं नसतं.)

पोच घेऊन त्या गेल्या.
सव्वासहाला साहेब बाहेर आले, डबा हातात.
"ते तळ्याचं आलंय ना,
उद्याच्या तारखेनं चढवा.
काही हरकत नाही ना?"

तोंडाला सवय असते.
"हरकत" एवढं बाहेर पडलं,
आणि 'नाही' दातांपर्यंत येऊन
तिथेच उभा राहिला.
वर पंखा एका पात्यानं खडखडत होता.
साहेब थांबले, वाक्य पुरं व्हायची वाट बघत.
मीही बघत होते, खरं सांगायचं तर.
असा अर्धा शब्द
मी कधी कुणासमोर ठेवला नव्हता.

कारण लागतं.
घशात पुष्कळ काही होतं, एकोणीस वर्षांचं,
त्यातलं एकही दीड ओळीत मावलं नसतं.
मी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं.
चारशे सतरा. मढवी. पाच अठ्ठावन्न.
"शाई वाळली आहे, सर."

त्यांनी बोट लावून बघितलं.

तळ्याचं पुढे काय ठरलं
ते माझ्या खिडकीवर येत नाही,
ते जावक. पलीकडचं टेबल.